एम.एस्सी. नर्सिंगनंतर प्रमाणपत्र अभ्यासक्रम : प्रवेश घेण्याआधी काय तपासावे?

आपल्या वस्त्यांमधून नर्सिंगकडे वळणाऱ्या मुली आणि आता मुलेही बरीच आहेत. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. असे टप्पे पार करत त्यांतल्या काही जणी एम.एस्सी. नर्सिंगपर्यंत पोहोचल्या आहेत. अनेक घरांत पदव्युत्तर शिक्षण घेणारी ती पहिलीच व्यक्ती असते. पदवी हातात आली की वर्षभरातच प्रश्न सुरू होतात. खासगी कॉलेजात ट्यूटर म्हणून मिळणारा पगार पुरत नाही. रुग्णालयात एम.एस्सी. झालेल्या परिचारिकेलाही बहुतेक वेळा स्टाफ नर्सचेच काम मिळते. मग कुणीतरी सांगते, ‘अजून एक सर्टिफिकेट कर, भाव वाढेल.’

समाजकार्य करताना हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. प्रश्न फक्त अभ्यासाचा नसतो. एम.एस्सी.चे कर्ज अजून फिटलेले नसते, धाकट्या भावंडांचे शिक्षण बाकी असते, लग्नाचा दबाव असतो. अशा वेळी आणखी एक वर्ष आणि आणखी एक फी कुठे घालायची, हा निर्णय चुकला तर त्याची झळ सगळ्या घराला बसते. म्हणून एम.एस्सी. नर्सिंगनंतर उपलब्ध असलेल्या प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रमांची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. भारतातले पर्याय आधी, परदेशातले नंतर, आणि शेवटी पैशांचा विचार.

आधी एक फरक समजून घेऊ

पदवी आपल्याला काय येते हे सांगते. सनद किंवा नोंदणी आपल्याला काय करण्याचा अधिकार आहे हे सांगते. बाबासाहेबांकडे कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी., डी.एस्सी. अशा पदव्या होत्या. तरीही न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडण्यासाठी ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि वकिलीची सनद लागलीच. विद्वत्ता कितीही मोठी असली तरी व्यवसायाचा परवाना वेगळाच मिळवावा लागतो.

नर्सिंगमध्येही हेच आहे. त्यामुळे कोणतेही प्रमाणपत्र पुढील तीनपैकी कोणत्या गटात बसते, ते आधी पाहावे.

१. नोंदणीला जोडलेले : नर्सिंग काऊन्सिल मान्य करते आणि अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घेते.

२. पदाला जोडलेले : एखाद्या ठरावीक पदासाठी शासनाने किंवा रुग्णालयाने ते आवश्यक केलेले असते.

३. कौशल्याचे : काम चांगले करायला मदत होते, पण त्याने अधिकार किंवा पद आपोआप बदलत नाही.

तिन्ही गट उपयोगाचे आहेत. फसवणूक होते ती तिसऱ्या गटातले प्रमाणपत्र पहिल्या गटातले म्हणून विकले जाते तेव्हा.

मान्यता देणाऱ्या संस्था

भारतात नर्सिंग शिक्षणाचे नियमन १९४७ च्या कायद्यानुसार इंडियन नर्सिंग काऊन्सिल करत आली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा केला. तो जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग काऊन्सिलकडे होते. विद्यापीठाच्या पदव्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक किंवा अभिमत विद्यापीठे देतात.

तेव्हा ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द जाहिरातीत दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, कुणाची मान्यता? सोसायटी नोंदणी क्रमांक, आयएसओ प्रमाणपत्र किंवा एखाद्या परदेशी संस्थेशी करार म्हणजे काऊन्सिलची मान्यता नव्हे.

गट पहिला : नोंदणीला जोडलेले अभ्यासक्रम

*पोस्ट बेसिक डिप्लोमा*

इंडियन नर्सिंग काऊन्सिलने ठरवून दिलेले हे विशेष शाखांचे अभ्यासक्रम आहेत. कालावधी साधारण एक वर्ष. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, आपत्कालीन व आपत्ती, हृदय व छाती, मूत्रपिंड, ऑपरेशन थिएटर, मानसिक आरोग्य, वृद्धांची शुश्रूषा, भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा अशा अनेक शाखा त्यात आहेत. प्रवेशासाठी नोंदणीकृत परिचारिका असणे आणि रुग्णसेवेचा अनुभव लागतो. एम.एस्सी. असण्याची अट नसते.

मग एम.एस्सी. झालेल्या व्यक्तीने तो करावा का? इथे थोडे थांबून विचार करायला हवा. कागदावर हा डिप्लोमा एम.एस्सी.च्या खालचा आहे. वर्गात सोबत जीएनएम आणि बी.एस्सी. झालेल्या परिचारिका असतील. पण एम.एस्सी.च्या दोन वर्षांत संशोधन, अध्यापन, व्यवस्थापन असे बरेच विषय असतात आणि एका शाखेत सलग काम करायला वेळ कमी मिळतो. पोस्ट बेसिक डिप्लोमात बहुतेक वेळ वॉर्डातच जातो. एम.एस्सी. मेडिकल-सर्जिकल केलेल्या आणि कर्करोग रुग्णालयात राहायचे ठरवलेल्या मैत्रिणीला मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधील कर्करोग परिचर्येचा डिप्लोमा खरोखर उपयोगी पडू शकतो. मानसिक आरोग्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी बंगळुरूच्या निमहान्समध्ये मानसिक आरोग्य परिचर्येचे शिक्षण कित्येक दशकांपासून दिले जाते.

आमचे मत असे, की रुग्णसेवेतच राहायचे असेल आणि शाखा पक्की ठरली असेल तर नामांकित रुग्णालयातला हा डिप्लोमा जरूर करावा. प्राध्यापकीच्या वाटेवर जायचे असेल तर त्याने फार फरक पडत नाही. तिथे एम.एस्सी., अध्यापनाचा अनुभव आणि पुढे पीएच.डी. हेच मोजले जाते.

*नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी*

केंद्र सरकारने २०१८ मध्ये भारतातील मिडवायफरी सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सामान्य बाळंतपणे प्रशिक्षित मिडवाइफच्या देखरेखीखाली, सन्मानाने आणि विनाकारण शस्त्रक्रिया न करता व्हावीत, हा त्यामागचा विचार. त्यासाठी १८ महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले गेले. हे प्रशिक्षण देणारे शिक्षक घडवण्यासाठी सहा महिन्यांचे मिडवायफरी एज्युकेटर प्रशिक्षण आहे. प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येत एम.एस्सी. केलेल्या आणि शिकवण्याची आवड असलेल्या मैत्रिणींनी या दुसऱ्या वाटेकडे जरूर लक्ष ठेवावे. बाळंतपणात आपल्या बायकांना मिळणाऱ्या वागणुकीचा अनुभव ज्यांनी वस्तीत ऐकला आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

*नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर*

नावामुळे बरेच जण याला प्रमाणपत्र समजतात. हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी बी.एस्सी. नर्सिंग पुरते. म्हणजे एम.एस्सी. झालेल्या व्यक्तीसाठी ती दुसरी पदव्युत्तर पदवी ठरते. नर्स प्रॅक्टिशनर हे स्वतंत्र पद अजून आपल्याकडे सगळीकडे रुळलेले नाही. त्यामुळे प्रवेशाआधी त्या रुग्णालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, हे विचारूनच ठरवावे.

*एम.फिल. आता नाही*

जुन्या माहितीपत्रकांत नर्सिंगमधील एम.फिल. अजून दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केले आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आयोगाने एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका, अशी सूचनाही काढली. कुणी नर्सिंगच्या एम.फिल.ला प्रवेश देतो म्हणत असेल तर पैसे भरू नका. संशोधनाची इच्छा असेल तर थेट पीएच.डी.ची तयारी करावी.

गट दुसरा : पदाला जोडलेले प्रमाणपत्र

याचे उत्तम उदाहरण म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करायचे ठरले. आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे नेमायच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासाठी सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स ठेवला गेला. इग्नूनेही परिचारिकांसाठी सामुदायिक आरोग्याचा असा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला. पुढे बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच हा भाग घेतला गेला. त्यामुळे आपली बॅच कोणती आणि आपल्याला वेगळा कोर्स लागतो का, हे भरतीच्या जाहिरातीत तपासावे.

या प्रमाणपत्राचे वैशिष्ट्य असे, की प्रमाणपत्र छोटे असले तरी त्याच्या पलीकडे एक ठरलेले पद आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. केलेल्या व्यक्तीला हे काम जवळचे वाटेल. मात्र ही पदे मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी स्वरूपात भरली जातात, हे लक्षात ठेवावे.

उलट उदाहरणही पाहू. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंग किंवा अनुभवासह जीएनएम आणि काऊन्सिलची नोंदणी लागते. निवड लेखी परीक्षेतल्या गुणांवर होते. तिथे पाच जादा प्रमाणपत्रे जोडून निवड होत नाही. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल तर एक वर्ष प्रमाणपत्रात घालवण्यापेक्षा तेच वर्ष परीक्षेच्या तयारीला देणे शहाणपणाचे.

गट तिसरा : कौशल्याची प्रमाणपत्रे

या गटात सर्वाधिक जाहिराती असतात आणि सर्वाधिक गोंधळही. निवडक प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात :

*जीवरक्षक प्रशिक्षण.* अमेरिकन हार्ट असोसिएशनची बीएलएस आणि एसीएलएस ही प्रमाणपत्रे अतिदक्षता आणि आपत्कालीन विभागांत विचारली जातात. ती दोन वर्षांसाठी वैध असतात. नोकरीच्या मुलाखती जवळ आल्या की करावीत. खूप आधी केली तर मुदत तशीच संपते.

*पॅलिएटिव्ह केअर.* असाध्य आजारातल्या रुग्णाच्या वेदना कमी करणे आणि कुटुंबाला आधार देणे, हे यात शिकवतात. केरळ या कामात देशात पुढे आहे. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया आणि कोळिकोडची इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन या संस्था परिचारिकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालवतात. आपल्या जिल्ह्यांत अशी सेवा फार कमी आहे. त्यामुळे हे कौशल्य नोकरीबरोबर समाजालाही उपयोगी पडणारे आहे.

*संसर्ग नियंत्रण.* रुग्णालयाला एनएबीएच मानांकन हवे असेल तर संसर्ग नियंत्रणाची यंत्रणा आणि त्यासाठी नेमलेली परिचारिका दाखवावी लागते. एम.एस्सी. झालेल्या व्यक्तीला आकडेवारी, नोंदी आणि प्रशिक्षण तिन्ही जमते. म्हणून वॉर्डातून बाहेर पडून वेगळी जबाबदारी मिळवण्याची ही चांगली वाट आहे. आधी आपल्याच रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीत काम मागावे, प्रमाणपत्र त्याला जोड म्हणून करावे.

*स्तनपान सल्लागार.* आयबीसीएलसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळते. आधीपासून आरोग्य व्यावसायिक असलेल्यांना परीक्षेपूर्वीच्या पाच वर्षांत १,००० तास स्तनपान साहाय्याचे काम दाखवावे लागते आणि दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. प्रसूती किंवा बालरोग विभागात काम करणाऱ्यांचे तास नोकरीतच भरतात. शहरात स्वतंत्र सल्ला देण्याची संधी यात आहे.

*संशोधन पद्धती.* चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेले आरोग्य संशोधनाचे पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएलसारख्या सरकारी मंचावर आहेत. शिकणे मोफत, परीक्षेसाठी शुल्क. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर महागड्या खासगी कोर्सऐवजी इथून सुरुवात करावी.

*रुग्णालय व्यवस्थापन.* मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि इग्नूत या विषयाच्या पदव्युत्तर पदविका आहेत. नोकरी सांभाळून करता येतात. मेट्रन, नर्सिंग सुपरिटेंडेंट किंवा गुणवत्ता विभागाकडे जायचे असेल तर उपयोग आहे. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहाव्यात.

*समुपदेशन.* इथे सावध राहावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या आहे आणि ती मान्यताप्राप्त नर्सिंग शिक्षण व काऊन्सिलच्या नोंदणीवर आधारलेली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते आणि त्यासाठी वेगळे शिक्षण लागते. तीन-सहा महिन्यांचा समुपदेशन कोर्स करून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य वाढवण्यासाठी तो जरूर करावा, पण घराच्या दारावर तशी पाटी लावू नये.

अमेरिकेत चित्र वेगळे का आहे?

परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा इंटरनेटवरून ‘पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट’ हा शब्द आपल्यापर्यंत येतो. तो अमेरिकेतला आहे आणि तिथे त्याला वजन आहे. कारण तिथे या प्रमाणपत्राने परिचारिकेच्या कामाचा कायदेशीर अधिकारच बदलू शकतो.

अमेरिकेत प्रगत परिचारिकांच्या चार भूमिका मानल्या जातात : नर्स प्रॅक्टिशनर, नर्स मिडवाइफ, नर्स ॲनेस्थेटिस्ट आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. २००८ मध्ये तयार झालेल्या एका राष्ट्रीय आराखड्यात या भूमिका आणि कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य, मानसिक आरोग्य असे रुग्णगट ठरवण्यात आले. एखाद्या परिचारिकेने अध्यापन किंवा व्यवस्थापनात मास्टर्स केले असेल आणि तिला आता नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे असेल, तर पुन्हा पूर्ण मास्टर्स करावे लागत नाही. विद्यापीठ तिचे आधीचे विषय तपासते आणि राहिलेलेच शिकवते. प्रगत शरीरक्रिया-विकृतिशास्त्र, प्रगत आरोग्य तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र हे तीन विषय मात्र असावेच लागतात. त्यासोबत प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे तास. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी ते किमान ७५० केले. मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना.

परवाना मिळाल्यावरही राज्यागणिक अधिकार बदलतात. ॲरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे रुग्ण तपासून औषध लिहू शकते. टेक्सासमध्ये औषध लिहिण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. भूल देणाऱ्या नर्स ॲनेस्थेटिस्टची वाट तर २०२२ पासून डॉक्टरेट अभ्यासक्रमातूनच सुरू होते. तिथे नुसत्या प्रमाणपत्राने प्रवेश होत नाही.

तिथेही सगळीच प्रमाणपत्रे सारखी नाहीत. नर्सिंग अध्यापन, व्यवस्थापन किंवा माहिती तंत्रज्ञानातली प्रमाणपत्रे केल्याने वेगळा परवाना मिळत नाही. म्हणजे सनद आणि कौशल्य हा फरक तिथेही आहे, फक्त तो अधिक स्पष्टपणे लिहिलेला आहे.

भारतातून एम.एस्सी. केलेल्यांनी चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, आपली एम.एस्सी. ही तिथल्या प्रगत परिचारिकेच्या परवान्याच्या बरोबरीची धरली जात नाही. दोन, आधी एनसीएलईएक्स परीक्षा देऊन तिथली साधी नोंदणी मिळवावी लागते आणि आपल्या शैक्षणिक कागदपत्रांचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. तीन, वर्ग ऑनलाइन असले तरी रुग्णांसोबतचे तास तिथेच भरावे लागतात. नागपुरात किंवा नांदेडमध्ये बसून अमेरिकेचे नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही. चार, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएनसारख्या नर्सिंग शिक्षणाच्या मान्यता संस्थेची मान्यता आहे का, ते पाहावे.

त्यामुळे हा पर्याय मुख्यतः आधीच अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी आहे. इथून जाणाऱ्यांसाठी तो दुसरा किंवा तिसरा टप्पा आहे, पहिला नव्हे.

ब्रिटनमधील पर्याय

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण श्रेयांकांत मोजतात. ६० श्रेयांकांचे पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० चा डिप्लोमा आणि १८० ची मास्टर्स पदवी. आपल्याकडून तिथे नोकरीला गेलेल्या एम.एस्सी. परिचारिकांना पुन्हा संपूर्ण मास्टर्स न करता ६० श्रेयांकांचे प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. तिथे सर्वांत महत्त्वाचे मानले जाते ते औषध लिहिण्याचा अधिकार देणारे प्रशिक्षण. त्याला बोलीत व्ही-३०० म्हणतात. ते पूर्ण केले की तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी काऊन्सिलच्या नोंदवहीत तशी नोंद होते. पण त्यासाठी आधी तिथली नोंदणी आणि कामाचा अनुभव लागतो. म्हणून भारतातून थेट त्याच्यासाठी पैसे भरायला सांगणाऱ्या एजंटापासून दूर राहावे.

पैशांचे गणित

फी हा खर्चाचा फक्त एक भाग असतो. समजा एखाद्या मैत्रिणीला महिना २५ हजार रुपये पगार आहे आणि पूर्णवेळ कोर्ससाठी ती वर्षभर नोकरी सोडते. फीच्या आधीच तीन लाख रुपये गेले. त्यात वसतिगृह, प्रवास आणि आधीच्या कर्जाचा हप्ता धरा. कोर्सनंतर पगार महिन्याला पाच हजारांनी वाढला, तर नुसते ते तीन लाख भरून यायला पाच वर्षे लागतात. हे गणित प्रत्येकीने कागदावर मांडावे, घरातल्यांनाही दाखवावे.

शिष्यवृत्त्यांबाबत बराच गैरसमज आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण करून पुन्हा त्याच टप्प्यावरचा दुसरा अभ्यासक्रम घेणाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे एम.एस्सी.नंतर डिप्लोमा करताना ती मिळेल असे गृहीत धरू नये. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएच.डी.साठी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही मोठ्या शिक्षणासाठीच आहे, तिची जाहिरात दरवर्षी बारकाईने वाचावी. बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. थोडक्यात, शासनाचा आधार पीएच.डी.ला भक्कम आहे आणि छोट्या प्रमाणपत्रांना जवळजवळ नाही. ज्यांचा कल संशोधनाकडे आहे त्यांनी ही गोष्ट निर्णयात जरूर धरावी.

एक सूचना खास आपल्या समाजासाठी. १९९० मध्ये अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. तरीही केंद्राच्या योजनेचा अर्ज भरताना जातीच्या दाखल्याचा नमुना चुकल्याने अर्ज अडकतात. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल तर मूळ जातीचा उल्लेख असलेला, केंद्रीय योजनेला चालणारा दाखला आधीच काढून ठेवावा. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात मुदत निघून जाते.

शासकीय सेवेत कायम असलेल्यांनी अध्ययन रजेची चौकशी आस्थापना शाखेत करावी आणि परत येऊन किती वर्षे सेवा द्यावी लागेल, त्या बॉन्डची अट वाचूनच सही करावी. परवानगी न घेता कोर्स केल्यास पुढे सेवापुस्तकात नोंद करून घेताना अडचण येते.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे आठ प्रश्न

१. हा अभ्यासक्रम कोणत्या काऊन्सिलने किंवा विद्यापीठाने मान्य केला आहे? मान्यता याच वर्षासाठी आहे का?

२. पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग काऊन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून त्याची नोंद होईल का?

३. कोणत्या पदाच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र मागितले आहे? अशा दोन-तीन जाहिराती हातात आहेत का?

४. प्रत्यक्ष रुग्णालयातले तास किती, आणि ते रुग्णालय किती खाटांचे?

५. मागच्या दोन बॅचमधल्या किमान तीन जणींशी आपण बोललो का?

६. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे जमा करावी लागतात का? लागत असतील तर का, आणि परत कधी मिळणार?

७. बॉन्ड आहे का? मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागते?

८. हेच ज्ञान मोफत किंवा नोकरीतच मिळण्याची सोय आहे का?

दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ आले, तर तो कोर्स तिसऱ्या गटातला आहे. आवड म्हणून करा, पण कर्ज काढून करू नका. सहाव्या प्रश्नावर संस्था टाळाटाळ करत असेल तर तिथून उठावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपल्या अभ्यासिका आणि वाचनालये स्पर्धा परीक्षांसाठी चांगले काम करत आहेत. नर्सिंगच्या मुलींचा प्रश्न मात्र तिथे क्वचितच पोहोचतो. त्या ड्युटीवर असतात आणि संध्याकाळच्या मार्गदर्शन शिबिराला येऊ शकत नाहीत. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, प्रत्येक तालुक्यात एम.एस्सी. आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांची यादी त्यांच्या संमतीने करावी. कुणी कोणता कोर्स केला आणि त्याचा काय उपयोग झाला, हे एका वहीत लिहून ठेवावे. नव्या मुलीसाठी ही वही कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त खरी ठरेल.

दुसरी, काऊन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण लागतात. अनेकींची नोंदणी बाळंतपण किंवा स्थलांतराच्या काळात खंडित होते. नवे प्रमाणपत्र शोधण्याआधी जुनी नोंदणी चालू आहे का, एवढे तपासायला मदत केली तरी मोठे काम होईल.

तिसरी, घरच्यांशी बोलावे. ‘किती शिकणार अजून?’ हा प्रश्न मुलीला एकटीने झेलावा लागू नये. पण त्याचबरोबर दर वर्षी नवा कोर्स करत राहणे म्हणजे प्रगती, असाही गैरसमज पसरू देऊ नये. एम.एस्सी.पर्यंत पोहोचलेल्या परिचारिकेला पात्रतेचा आणखी एक पुरावा गोळा करत बसण्याची गरज नाही. जिथे तिची पात्रता वापरली जाईल अशी जागा मिळवण्याची गरज आहे. प्रमाणपत्र त्या जागेकडे नेत असेल तर घ्यावे. नसेल तर तेच पैसे आणि तेच वर्ष नॉरसेटच्या तयारीला, पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला किंवा चांगल्या रुग्णालयातल्या अनुभवाला द्यावे.

वरचे आठ प्रश्न आपल्या वाचनालयाच्या फलकावर लावा. पुढच्या प्रवेशाच्या हंगामात एकाही मुलीने ते न विचारता पैसे भरू नयेत.